फॉस्फोविशिष्ट प्रतिपिंडे

प्रथिनाच्या रेणूतील ठराविक ठिकाणी फॉस्फेट गट जोडलेला असेल तरच त्या प्रथिनाशी बद्ध होणाऱ्या आणि तो गट नसेल तर बद्ध न होणाऱ्या प्रतिपिंडांना (शरीरात शिरलेल्या बाह्य पदार्थाला ओळखून त्याच्याशी संयोग पावणाऱ्या रक्तातील प्रथिनांना) ‘फॉस्फोविशिष्ट प्रतिपिंडे’ म्हणतात. ही प्रतिपिंडे मुख्यतः संशोधनाचे साधन म्हणून प्राण्यांच्या शरीरात अगर कोशिकासंवर्धनात मुद्दाम तयार करून घेतात. कोशिकांतर्गत संदेशवहनाचा, कर्करोगाचा व तंत्रिका तंत्राच्या विकारांचा अभ्यास विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत जो झपाट्याने पुढे गेला, त्यास या साधनाचा मोठा हातभार लागला.

कोशिकेत एखादे प्रथिन किती प्रमाणात आहे हे समजले, तरी ते त्या क्षणी कार्यरत आहे किंवा नाही, हे त्यावरून समजत नाही. अनेक प्रथिनांचे कार्य त्यांच्यावर फॉस्फेट गट जोडला गेल्याने सुरू होते वा थांबते. हा गट जोडणाऱ्या एंझाइमांना (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणाऱ्या प्रथिनांना) कायनेजे व तो काढून टाकणाऱ्या एंझाइमांना फॉस्फॅटेजे म्हणतात. मानवी जीनोमात (सर्व आनुवंशिक सामग्रीत) कायनेजांची पाचशेहून अधिक जीने आहेत. जोडल्या जाणाऱ्या गटाचा रेणुभार सुमारे ८० डाल्टन असतो. ४२,००० डाल्टन रेणुभाराच्या प्रथिनात त्यामुळे पडणारा फरक ०.२ टक्क्यांच्या आसपास भरतो. एवढा सूक्ष्म फरक हजारो इतर प्रथिनांच्या मिश्रणात अचूक हेरणे, हे या प्रतिपिंडांचे काम होय. ते साधण्यासाठी रक्तरसविज्ञान व प्रथिनरसायनशास्त्र या दोन स्वतंत्र शाखांना एकत्र यावे लागले व त्यास जवळजवळ अर्धे शतक लागले.

पूर्वपीठिका : रक्तरसाच्या (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाच्या) अंगी विषप्रतिबंधक गुण येतात, हे १८९० मध्ये बर्लिन येथे एमील फोन बेरिंग (१८५४–१९१७) व शिबासाबुरो कितासातो (१८५३–१९३१) यांनी घटसर्प व धनुर्वात या रोगांच्या संदर्भात दाखविले. एका रोगाच्या विषाविरुद्ध तयार झालेला रक्तरस दुसऱ्या रोगाच्या विषावर चालत नाही, ही विशिष्टता तेव्हापासूनच परिचित होती. मात्र ती कितपत सूक्ष्म असू शकते, याचा पद्धतशीर शोध कार्ल लँडस्टायनर (१८६८–१९४३) यांनी घेतला. रक्तगटांच्या शोधामुळे ते सर्वज्ञात असले, तरी रासायनिक दृष्टीने त्यांचे हे दुसरे काम तितकेच मोलाचे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात व्हिएन्ना येथे त्यांनी लहान कार्बनी रेणू प्रथिनांना रासायनिक रीत्या जोडून ती संयुगे सशांना टोचली. केवळ लहान रेणू टोचला, तर प्रतिपिंडे तयार होत नाहीत. तोच प्रथिनाच्या आधाराने टोचला, तर होतात. अशा लहान रेणूंना लँडस्टायनर यांनी ‘हॅप्टेन’ असे नाव दिले. बेंझीन वलयावरील अम्लगट एका जागेवरून शेजारच्या जागेवर सरकविला, तरी सशाचा रक्तरस हा फरक ओळखतो, असे त्यांच्या प्रयोगांत आढळून आले. या संशोधनाचा आढावा घेणारा त्यांचा ग्रंथ १९३३ मध्ये जर्मन भाषेत व १९३६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. तोपर्यंत ते न्यूयॉर्क येथील रॉकफेलर वैद्यकीय संशोधन संस्थेत काम करू लागले होते.

याच संस्थेत १९३२ मध्ये फीबस लेव्हीन (१८६९–१९४०) व फ्रिट्झ लिपमान (१८९९–१९८६) यांनी अंड्याच्या बलकातील व्हिटेलीन या प्रथिनापासून फॉस्फेटयुक्त सेरीन हे ॲमिनो अम्ल वेगळे केले. बलकात व दुधातील केसीन या प्रथिनात फॉस्फरस असतो हे आधीपासून माहीत होते. तो नेमका कोठे जोडलेला असतो, याचे उत्तर या प्रयोगाने मिळाले. अशा रीतीने सूक्ष्म रासायनिक फरक ओळखणारी प्रतिपिंडे व प्रथिनाला जोडलेला फॉस्फेट गट हे दोन्ही विषय एकाच संस्थेत एकाच सुमारास अभ्यासले जात होते. तरीही त्यांची सांगड घालण्याचे त्या वेळी कारण नव्हते. कारण फॉस्फेटयुक्त प्रथिने ही गर्भाच्या व अर्भकाच्या पोषणासाठी केलेली फॉस्फरसाची साठवण होय, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

फॉस्फोरिलीकरणाचे महत्त्व : ही समजूत १९५० नंतर बदलली. जॉर्ज बर्नेट व यूजीन केनेडी यांनी १९५४ मध्ये यकृतातील एक एंझाइम केसिनावर फॉस्फेट गट जोडते, असे दाखविले. त्यानंतर लगेचच सीॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात एडमंड फिशर (१९२०–२०२१) व एडविन क्रेब्ज (१९१८–२००९) यांनी स्नायूंमधील ग्लायकोजेनाचे विघटन करणारे फॉस्फोरिलेज हे एंझाइम फॉस्फेट गट जोडला गेल्याने कार्यक्षम होते व तो निघून गेल्यावर पुन्हा मंदावते, हे सिद्ध केले. साठवणीचे द्रव्य मानला गेलेला फॉस्फेट गट हा वस्तुतः नियंत्रणाची कळ आहे, असा या शोधाचा अर्थ होता. फिशर व क्रेब्ज यांना या कार्याबद्दल १९९२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

फॉस्फेट गट सेरीन व थ्रिओनीन या दोनच ॲमिनो अम्लांवर जोडला जातो, असे १९७९ पर्यंत मानले जात होते. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत टोनी हंटर व त्यांचे सहकारी अर्बुदकारक (शरीरात गाठी निर्माण करणाऱ्या) विषाणूंच्या प्रथिनांचे पृथक्करण करीत होते. त्यासाठी ते विद्युत् संचारण (विद्युत् दाबाच्या प्रभावाखाली रेणू वेगवेगळ्या वेगाने सरकवून अलग करण्याची पद्धती) वापरीत. हंटर यांनी पुनःपुन्हा वापरलेल्या जुन्या विद्रावाचे पीएच मूल्य १.९ ऐवजी १.७ पर्यंत उतरले होते. ताज्या विद्रावात एकत्रच सरकणारे दोन पदार्थ या जुन्या विद्रावात निराळे झाले आणि त्यांतील एक फॉस्फेटयुक्त टायरोसीन असल्याचे निष्पन्न झाले. पुढील वर्षी हंटर व बार्थोलोम्यू सेफ्टन यांनी कोंबड्यांत अर्बुद उत्पन्न करणाऱ्या राउस विषाणूचे प्रथिनही टायरोसिनावरच फॉस्फेट जोडते, असे दाखविले. सामान्य कोशिकेतील प्रथिनांवर जेवढा फॉस्फेट असतो, त्यांपैकी अवघा सुमारे ०.०३ टक्का टायरोसिनावर आढळतो. वाढीचा आदेश देणारी अनेक ग्राहक प्रथिने हाच मार्ग वापरतात, हे लवकरच उघडकीस आले. कर्करोगाशी निकटचा संबंध असलेला आणि प्रमाणाने इतका अल्प असलेला हा गट शोधण्यासाठी नवे साधन आवश्यक झाले.

तोवर उपलब्ध असलेले साधन म्हणजे फॉस्फरस–३२ हा किरणोत्सर्गी समस्थानिक (अणुक्रमांक तोच पण द्रव्यमान भिन्न असलेला प्रकार). तो असलेल्या माध्यमात कोशिका वाढवीत. नंतर त्यांतील प्रथिने अलग करून कोणत्या प्रथिनात किती किरणोत्सर्ग आला, ते छायापटावर पाहत. या पद्धतीने फार मोठे शोध लागले. परंतु तिच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. या समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे १४ दिवसांचा असल्याने त्याचा साठा टिकत नसे. त्याच्या किरणांमुळे अभ्यासविषय असलेल्या कोशिकांनाच इजा होई. रुग्णाच्या शरीरातून काढलेल्या व परिरक्षित केलेल्या ऊतकांसाठी (समान कोशिकांच्या समूहांसाठी) तो निरुपयोगी होता. शिवाय एकाच प्रथिनावर पाच ठिकाणी फॉस्फेट गट असतील, तर त्या सर्वांची बेरीजच दिसे. त्यांतील कार्याशी निगडित ठिकाण कोणते, हे ठरविण्यासाठी प्रथिनाचे तुकडे करून दीर्घ पृथक्करण करावे लागे.

पहिली प्रतिपिंडे : लँडस्टायनर यांची हॅप्टेन पद्धती या टप्प्यावर उपयोगी पडली. १९८१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत अलॉन्झो रॉस, डेव्हिड बॉल्टिमोर व हर्मन आयझेन यांनी फॉस्फेटयुक्त टायरोसिनाशी साम्य असणारा एक संश्लेषित (कृत्रिम रीत्या बनविलेला) रेणू प्रथिनाला जोडून त्याविरुद्ध प्रतिपिंडे मिळविली. या रेणूत फॉस्फरसाचा अणू ऑक्सिजनाऐवजी थेट कार्बनाला जोडलेला होता. साधा फॉस्फेट गट प्राण्याच्या रक्तातील फॉस्फॅटेजे तोडून टाकतात. हा बंध मात्र त्यांना तोडता येत नाही. अशी प्रतिपिंडे स्तंभातील कणांवर बसवून त्यांवरून कोशिकांचा अर्क वाहू दिला असता टायरोसिनावर फॉस्फेट असलेली प्रथिने तेवढी अडकून राहिली व बाकीची वाहून गेली.

गेऑर्ग कोलर व सेसार मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिज येथे शोधून काढलेल्या एककृंतकी प्रतिपिंडांच्या (एकाच कोशिकेच्या वंशजांनी निर्मिलेल्या, म्हणून पूर्णपणे एकसारख्या असलेल्या प्रतिपिंडांच्या) तंत्रामुळे या कामास स्थैर्य आले. ए. रेमंड फ्रॅकेल्टन, रॉस व आयझेन यांनी १९८३ मध्ये फॉस्फेटयुक्त टायरोसिनाविरुद्ध एककृंतकी प्रतिपिंडांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बॉस्टन येथील डाना–फार्बर कर्करोग संस्थेत टॉमस रॉबर्ट्स यांच्या प्रयोगशाळेत ब्रायन ड्रुकर यांनी तयार केलेले ‘४जी१०’ हे प्रतिपिंड पुढे जगभर वापरात आले. दीर्घकालिक मज्जाजन्य श्वेतकोशिकार्बुद (रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार) या रोगाला कारणीभूत असलेले प्रथिन टायरोसिनावर फॉस्फेट जोडणारे कायनेज आहे. या कायनेजाचा रोध करणाऱ्या संयुगाने कोशिकांमधील फॉस्फेटयुक्त टायरोसीन खरोखर कमी होते, हे ड्रुकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अशाच प्रतिपिंडाच्या साहाय्याने दाखविले. हे संयुग म्हणजे इमॅटिनीब. अमेरिकेत त्यास २००१ मध्ये औषध म्हणून मान्यता मिळाली.

या पहिल्या पिढीतील प्रतिपिंडांची एक उणीव होती. ती टायरोसिनावरील फॉस्फेट गट ओळखीत. मग तो टायरोसीन कोणत्या का प्रथिनातील असेना. कोशिकेत कोठेतरी ‘कळ दाबली गेली आहे’ एवढे त्यांवरून कळे. कोणती, हे इतर मार्गांनी ठरवावे लागे.

स्थानविशिष्ट प्रतिपिंडे : ही उणीव तंत्रिका तंत्राच्या अभ्यासकांनी प्रथम दूर केली. एंगस नेअर्न, पॉल ग्रीनगार्ड (१९२५–२०१९) व त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये अनुमस्तिष्कात (लहान मेंदूत) आढळणाऱ्या ‘जी–सब्स्ट्रेट’ या प्रथिनाची फॉस्फेटयुक्त व फॉस्फेटरहित रूपे वेगवेगळी ओळखणारा रक्तरस तयार केल्याचे जाहीर केले. त्यासाठी त्यांनी संपूर्ण प्रथिन न टोचता फॉस्फेट जोडल्या जाणाऱ्या ठिकाणाभोवतालची ॲमिनो अम्ले असलेले लहानसे संश्लेषित पेप्टाइड (ॲमिनो अम्लांची लघुशृंखला) फॉस्फेटयुक्त करून वापरले. यामुळे प्रतिपिंडाला फॉस्फेट गट व त्याचे शेजारी असे दोन्ही एकदमच ‘वाचावे’ लागले. शेजारी बदलले, तर फॉस्फेट असूनही ते बद्ध होत नाही. फॉस्फेट नसेल, तर शेजारी तेच असूनही बद्ध होत नाही. दुसऱ्याच वर्षी लुडविग व नॅन्सी स्टर्नबर्गर यांनी तंत्रिका तंतूंमधील प्रथिनाची दोन्ही रूपे प्रत्यक्ष ऊतकातच वेगळी दाखविणाऱ्या एककृंतकी प्रतिपिंडांचे वर्णन केले. ग्रीनगार्ड हे १९८३ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात आले. लँडस्टायनर व लेव्हीन यांनी जेथे काम केले, तीच संस्था आता विद्यापीठ झाली होती. ग्रीनगार्ड यांच्या गटाने १९९१ मध्ये या प्रतिपिंडांच्या निर्मितीची सर्वसाधारण कृती प्रसिद्ध केली. तोपर्यंत ब्रूस मेरिफील्ड यांच्या पद्धतीने (१९६३) पेप्टाइडे बनविणे सुलभ झाले होते व त्यांतील हव्या त्या ॲमिनो अम्लावर फॉस्फेट बसविण्याची रासायनिक तंत्रेही विकसित झाली होती. परिणामी १९९० च्या दशकात अशी प्रतिपिंडे व्यापारी प्रमाणावर मिळू लागली.

निर्मिती : प्रथम अभ्यासावयाच्या ठिकाणाभोवतालचे साधारणतः १० ते १५ ॲमिनो अम्लांचे पेप्टाइड फॉस्फेट गटासह बनवितात. एवढा लहान रेणू प्रतिरक्षा तंत्राला जागविण्यास असमर्थ असतो, म्हणून तो एखाद्या मोठ्या वाहक प्रथिनाला जोडतात. यासाठी एका सागरी गोगलगाईच्या रक्तातील हीमोसायनीन हे प्रथिन विशेष प्रचलित आहे. हे संयुग सशाला ठराविक कालांतराने अनेकदा टोचतात. मिळालेल्या रक्तरसात हवी ती प्रतिपिंडे अल्प प्रमाणात असतात. त्यांबरोबर फॉस्फेटची पर्वा न करता पेप्टाइडाला धरणारी व वाहक प्रथिनाला धरणारी प्रतिपिंडेही असतात. ती वेगळी करण्यासाठी रक्तरस दोन स्तंभांतून जाऊ देतात. पहिल्या स्तंभावर फॉस्फेटरहित पेप्टाइड बसविलेले असते. फॉस्फेटवाचूनही बद्ध होणारी प्रतिपिंडे त्यावर अडकतात व टाकून दिली जातात. उरलेला द्रव फॉस्फेटयुक्त पेप्टाइडाच्या दुसऱ्या स्तंभावरून जाऊ दिला असता हवी असलेली प्रतिपिंडे तेवढी त्यास चिकटतात; नंतर ती अम्लीय विद्रावाने सोडवून घेतात. निवडीपेक्षा वगळण्याची पहिली पायरी अधिक महत्त्वाची असते, कारण पुढील सर्व निष्कर्षांची विशिष्टता तिच्यावर अवलंबून राहते.

सशांची प्रतिपिंडे फॉस्फेटयुक्त पेप्टाइडांना विशेष घट्ट धरतात. परंतु प्रत्येक सशाचा रक्तरस वेगळा असतो व ससा मेल्यावर तो पुन्हा मिळत नाही. कॅथरिन नाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये सशाच्या कोशिकांपासून एककृंतकी प्रतिपिंडे मिळविण्याची पद्धती शोधल्याने ही अडचण पुष्कळशी दूर झाली.

एर्क प्रथिनाचे उदाहरण : या प्रतिपिंडांनी संशोधनाची रीत कशी बदलली, हे एर्क (बाह्यकोशिकीय संदेशाने नियंत्रित होणारे कायनेज) या प्रथिनावरून स्पष्ट होते. व्हर्जिनिया विद्यापीठातील टॉमस स्टर्जिल व ब्रायन रे यांना १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात इन्शुलीन दिलेल्या कोशिकांत सुमारे ४२,००० डाल्टन रेणुभाराचे एक कायनेज क्रियाशील झालेले आढळले. त्यावर टायरोसीन व थ्रिओनीन या दोन्ही ॲमिनो अम्लांवर फॉस्फेट असतो व त्यांपैकी कोणताही एक काढून टाकल्यास कायनेज निष्क्रिय होते, असे १९९० मध्ये सिद्ध झाले. मेलनी कॉब व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०-९१ मध्ये या प्रथिनाची व त्याच्या भावंडांची रचना निश्चित केली. हे थ्रिओनीन व टायरोसीन शृंखलेत जवळजवळ असून त्यांच्यामध्ये केवळ ग्लुटामिक अम्लाचा एक घटक असतो. मानवी एर्क–१ मध्ये त्यांचे क्रमांक अनुक्रमे २०२ व २०४ आणि एर्क–२ मध्ये १८५ व १८७ आहेत.

क्रियाशीलतेची खूण इतक्या आटोपशीर जागेत एकवटलेली असल्याने एर्क हे स्थानविशिष्ट प्रतिपिंडांसाठी जणू घडविलेलेच प्रथिन ठरले. पूर्वी त्याची क्रियाशीलता मोजण्यासाठी एंझाइम शुद्ध करून त्याने किरणोत्सर्गी फॉस्फेट किती जोडला, हे पाहावे लागे. दोन्ही फॉस्फेट गट असतील तरच बद्ध होणारे प्रतिपिंड १९९० च्या दशकाच्या मध्यास उपलब्ध झाल्यावर हे काम प्रथिन–ठसा पद्धतीने होऊ लागले. १९७९ मध्ये हॅरी टोबिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेल्या या पद्धतीत जेलमध्ये रेणुभारानुसार अलग केलेली प्रथिने पातळ पटलावर उतरवून घेतात व त्यावर प्रतिपिंडाचा विद्राव पसरतात. जेथे प्रतिपिंड चिकटेल, तेथे पट्टा उमटतो. वृद्धिघटक दिल्यानंतर काही मिनिटांतच एर्कचा पट्टा गडद होतो व पुढे फिका पडत जातो, हा क्रम कोणत्याही साध्या प्रयोगशाळेत पाहता येऊ लागला. उंदीरवर्गीय प्राण्याच्या अर्बुदापासून मिळविलेल्या ‘पीसी१२’ कोशिकांत एर्क थोडा वेळ क्रियाशील राहिले, तर कोशिकांचे विभाजन होते आणि दीर्घकाळ राहिले, तर त्यांना तंत्रिका कोशिकांसारखे फाटे फुटतात, असे आधीच्या प्रयोगांत आढळले होते. संदेशाचा अर्थ त्याच्या कालावधीतही साठविलेला असतो, या कल्पनेची तपासणी आता मिनिटागणिक करता येऊ लागली.

काळाप्रमाणेच स्थानाचाही वेध घेता आला. इझ्राएलमधील रेहोव्होट येथील वाइझमान संस्थेत लिलाक गबाय, रोनी सेगर व बेन–झिऑन शिलो यांनी १९९७ मध्ये द्विफॉस्फेटयुक्त एर्कविरुद्धचे प्रतिपिंड वापरून फळमाशीच्या भ्रूणात कोणत्या टप्प्यावर व कोणत्या भागात हा संदेशमार्ग कार्यरत असतो, याचे चित्र मिळविले. एर्क प्रथिन भ्रूणात सर्वत्र असते. त्याचे क्रियाशील रूप मात्र ठराविक पट्ट्यांत व ठिपक्यांतच उमटले. प्रथिनाचे अस्तित्व व त्याचे कार्य यांतील भेद अशा प्रकारे डोळ्यांना दिसला.

इतर उपयोग : डीएनएचे दोन्ही धागे तुटले, की त्या जागेजवळील एच२एएक्स या हिस्टोन प्रथिनावर १३९ व्या सेरिनाशी फॉस्फेट जोडला जातो, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील विल्यम बॉनर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखविले. त्याविरुद्धच्या प्रतिपिंडामुळे प्रारणाने झालेली इजा कोशिका केंद्रकात ठिपक्यांच्या रूपाने मोजता येते. ओमार पेरेझ व गॅरी नोलन यांनी २००२ मध्ये निरनिराळ्या अनुस्फुरक (प्रकाश पडला असता निराळ्या रंगाचा प्रकाश देणाऱ्या) रंजकांशी जोडलेली फॉस्फोविशिष्ट प्रतिपिंडे वापरून एकेका कोशिकेतील अनेक कायनेजांची स्थिती एकाच वेळी मोजली. यामुळे लक्षावधी कोशिकांच्या सरासरीत लपलेले वैयक्तिक फरक दिसू लागले. फॉस्फेटयुक्त टायरोसीन असलेले पेप्टाइड–तुकडे प्रतिपिंडांनी वेचून द्रव्यमान वर्णपटमापकाने (रेणूंचे द्रव्यमान अचूक मोजणाऱ्या उपकरणाने) ओळखण्याची पद्धती २००५ मध्ये पुढे आली. तिच्या साहाय्याने २००७ मध्ये फुप्फुसाच्या काही कर्करोगांत एएलके व आरओएस ही कायनेजे अवास्तव क्रियाशील असल्याचे आढळून आले; एएलकेचा शोध त्याच वर्षी जपानी संशोधकांनी जीनांच्या अभ्यासातून स्वतंत्रपणे लावला होता. या दोन्ही कायनेजांचा रोध करणारी औषधे पुढे वापरात आली.

विश्वसनीयता : प्रतिपिंड हे उत्तर देते, ते त्याला विचारलेल्या प्रश्नाचेच असते असे नाही. पटलावर उमटलेला पट्टा अपेक्षित प्रथिनाचा, अपेक्षित ठिकाणच्या फॉस्फेटाचाच आहे, हे दर वेळी स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. एकाच कुलातील कायनेजांमध्ये फॉस्फेट जोडण्याच्या ठिकाणाभोवतालची ॲमिनो अम्ले पुष्कळदा सारखी असतात. तेव्हा एकाविरुद्ध बनविलेले प्रतिपिंड दुसऱ्यालाही धरते. पेप्टाइड टोचून मिळविलेले प्रतिपिंड उलगडलेल्या प्रथिनाला ओळखेल, पण नैसर्गिक घडीत असलेल्या त्याच प्रथिनाला ओळखणार नाही, असेही घडते. नेहमीच्या प्रथिन–ठसा पद्धतीत पटलावरील रिकाम्या जागा दुधाच्या भुकटीने झाकतात. परंतु दुधातील केसीन हेच फॉस्फेटयुक्त प्रथिन असल्याने या कामी दुधाऐवजी बहुधा गाईच्या रक्तरसातील अल्ब्युमीन वापरतात.

यासाठी काही तपासण्या आवश्यक मानल्या जातात. नमुन्यावर फॉस्फॅटेजाची क्रिया केल्यास पट्टा नाहीसा झाला पाहिजे. संबंधित सेरीन वा थ्रिओनीन यांच्या जागी ॲलॅनीन अथवा टायरोसिनाच्या जागी फिनिल ॲलॅनीन घातलेले प्रथिन प्रतिपिंडाने ओळखता कामा नये. त्या प्रथिनाचे जीन काढून टाकलेल्या कोशिकांत पट्टा उमटता कामा नये. तसेच त्याच नमुन्यातील प्रथिनाची एकूण राशी दुसऱ्या प्रतिपिंडाने मोजली पाहिजे; अन्यथा प्रथिनच वाढले की त्यावरील फॉस्फेट वाढला, हे सांगता येत नाही. या तपासण्या कंटाळवाण्या व खर्चिक असल्याने त्या नेहमीच केल्या जातात असे नाही आणि त्यामुळे काही निष्कर्ष इतर प्रयोगशाळांत पडताळता आलेले नाहीत. अँड्रू ब्रॅडबरी व आंड्रेआस प्लुकथुन यांनी २०१५ मध्ये शंभराहून अधिक सहस्वाक्षरीकारांसह असे आवाहन केले, की संशोधनात वापरावयाची प्रतिपिंडे त्यांच्या ॲमिनो अम्लक्रमाने निश्चित केलेली व जीन–तंत्राने निर्मिलेली असावीत, म्हणजे एकच द्रव्य सर्वत्र व सर्वकाळ मिळेल. प्रतिपिंडांच्या प्रमाणीकरणाचे पाच मार्ग सुचविणारा एका आंतरराष्ट्रीय कार्यगटाचा प्रस्ताव २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

रुग्णांच्या ऊतकांबाबत आणखी एक अडचण येते. शस्त्रक्रियेत रक्तपुरवठा तुटल्यानंतरही ऊतकातील कायनेजे व फॉस्फॅटेजे काम करीतच राहतात. त्यामुळे नमुना थंड करण्यास वा परिरक्षक द्रवात टाकण्यास थोडाही विलंब झाला, तर काही ठिकाणचे फॉस्फेट गट नाहीसे होतात व काही ठिकाणी नव्याने जोडले जातात. अशा वेळी प्रतिपिंड खरे सांगते, पण ते रुग्णाच्या शरीरातील स्थितीविषयी नसून नमुना हाताळण्यातील दिरंगाईविषयी असते. फॉस्फोविशिष्ट प्रतिपिंडांचा प्रयोगशाळेत सर्रास वापर होत असूनही दैनंदिन रोगनिदानात त्यांचा शिरकाव सावकाश झाला, याचे हे एक प्रमुख कारण आहे.

तंत्रिका विकारांत मात्र हा शिरकाव झालेला आहे. अल्झायमर रोगात मेंदूतील टाऊ या प्रथिनावर अनेक ठिकाणी प्रमाणाबाहेर फॉस्फेट जोडला जातो. हे रूप ओळखणारी ‘एटी८’ सारखी प्रतिपिंडे १९९० च्या दशकाच्या आरंभापासून मृत्यूनंतरच्या मेंदूच्या तपासणीत वापरली जात आहेत. टाऊ प्रथिनातील २१७ व्या थ्रिओनिनावर फॉस्फेट असलेले रूप रक्तद्रवातही अत्यल्प प्रमाणात उतरते व ते मोजता येते, असे पुढे दिसून आले. या रूपाचे ॲमिलॉइड पेप्टाइडाशी असलेले गुणोत्तर मोजणाऱ्या रक्तचाचणीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये परवानगी दिली. स्मृतिभ्रंशाची लक्षणे दिसू लागलेल्या प्रौढांच्या तपासणीत इतर निष्कर्षांना पूरक म्हणून ती वापरावयाची आहे. केवळ तिच्या आधारे निदान करावयाचे नाही. बलकातील फॉस्फेटयुक्त सेरीन वेगळे करण्यात आले, त्यास तोपर्यंत ९३ वर्षे झाली होती.